दहा फुटांची वाट

संपादकांनी फोनवर सांगितलं, "यंदाचा विषय 'वाटा'." तोवर वारीची वाट, सह्याद्रीतल्या घाटवाटा, गावाकडची पायवाट हे सगळं इतरांनी उचललेलं होतं. मी म्हटलं, माझी वाट दहा फुटांची आहे. मोटारीच्या डिकीतल्या टाकीतून पेट्रोल निघतं आणि पुढं कार्बोरेटरपर्यंत पोचतं, ती. पलीकडं थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "शब्द किती होतील?"

माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा अंबाजोगाईतल्या एका पडवीत उभी असलेली मोटार होती. स्टँडर्ड हेराल्ड, मार्क थ्री, चार दारांची. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांची. ते डॉक्टर होते. रात्री-अपरात्री केज, धारूरच्या बाजूला याच गाडीतून व्हिजिटला जायचे. ते गेले आणि गाडी पडवीत राहिली. मैत्रीण शाळेतून निवृत्त झाल्यावर यंदाच्या उन्हाळ्यात तिनं गाडी पुन्हा चालू करून घेतली. बॅटरी नवी घातली, टाकी धुतली, पंपावरून ताजं पेट्रोल आणलं. गाडी चालली. आणि दोन-अडीच महिन्यांत दोन तक्रारी सुरू झाल्या. उभी असली की पेट्रोलचा वास, चढाला लागली की अडखळ. पडवीला लागूनच स्वयंपाकघर. मैत्रीण देवापुढं निरांजन लावायच्या आधी खिडकी उघडून हुंगायला लागली.

ऑगस्टच्या शेवटी गाडी टेंपोत घातली आणि केज, नेकनूर, मांजरसुंबा करत बीडला आणली. बार्शी नाक्याजवळच्या एका गॅरेजात साठी ओलांडलेले एक मिस्त्री आहेत. सरकारी खात्यांच्या अँबॅसडर आणि महिंद्राच्या जीप यांच्यावर हात बसलेला माणूस. त्यांनी गाडी टेंपोतून उतरायच्या आधीच एक काम केलं. शेजारी वेल्डिंग करत बसलेल्या पोराला बाहेर काढलं.

स्पिटफायरची बहीण

बीडमध्ये जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार कुणाकडं आहे का, अशी चौकशी मी आधी करून पाहिली होती. लोकांनी उत्साहानं एमजीचं नाव घेतलं आणि हायवेवरून जाणारी एक भलीमोठी एसयूव्ही दाखवली. तिच्या नाकावरचा अष्टकोनी बिल्ला खरा इंग्लंडचा, पण गाडी बनते गुजरातेत हालोलला. मला हवी होती ती दोन माणसांची, बुटकी, टप उघडा असलेली एमजी. ती आपल्या जिल्ह्यात मला सापडली नाही. तिची नातेवाईक मंडळी मात्र सापडली, आणि ती इतकी वर्षं डोळ्यांदेखत फिरत होती.

कलेक्टर साहेबांची पांढरी अँबॅसडर आठवा. तिच्या बॉनेटखालचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सीरिज इंजिन. १९५५ साली इंग्लंडात एमजीए नावाची देखणी स्पोर्ट्स कार निघाली, तिच्यातही त्याच घराण्याचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन होतं. पुढं तेच वाढवून १७९८ सीसीचं केलं आणि १९६२ च्या एमजीबीत बसवलं. म्हणजे लाल दिव्याखाली दुष्काळाची पाहणी करत फिरणारं आणि इंग्लंडातल्या शर्यतींत धावणारं यंत्र एकाच पोटचं.

हेराल्डचं नातं याहून जवळचं. १९५९ साली इंग्लंडात ट्रायम्फ हेराल्ड आली. आरेखन जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियनाचं. तीन वर्षांनी याच हेराल्डची चासी आखूड करून, त्याच मिकेलोत्तीकडून वर नवं अंग चढवून ट्रायम्फ स्पिटफायर काढली. तीही दोन आसनी, उघड्या टपाची. इकडं मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१ पासून हेराल्ड बनवायला घेतली. इंग्लंडच्या हेराल्डला दोनच दारं होती. आपल्याकडं मागच्या दारातून आजी-आजोबा चढणार, म्हणून १९६८ च्या मार्क थ्रीला चार आली. मग १९७२ मध्ये गझेल आली, आणि १९८८ च्या सुमारास कंपनीचं दुकानच बंद झालं.

त्या काळात बाकीच्या मोटारी एकसंध पत्र्याच्या होऊ लागल्या होत्या. हेराल्डला मात्र बैलगाडीसारखी वेगळी चासी, आणि अंगाचे तुकडे तिच्यावर बोल्टांनी कसलेले. त्यामागं कारणही तसंच होतं. अंगं ठोकून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्यानं विकत घेतल्यावर लहान लहान तुकडे करून जोडण्यावाचून गत्यंतर उरलं नव्हतं. त्या अडचणीचा फायदा साठ वर्षांनी बीडच्या मिस्त्रींना झाला. हेराल्डचं सगळं नाकाड, मडगार्डांसकट, पुढच्या बाजूला उलटं वळतं. मिस्त्री सरळ पुढच्या चाकावर बूड टेकून बसले आणि इंजिनात डोकावले. "अशी गाडी पायजे," ते म्हणाले, "माणसाला कंबर हाय याची आठवण ठेवून बनवलेली."

हवा कुठून शिरते

कुठल्याही गाडीत पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत आणायचे मार्ग मोजकेच. जुन्या लूना, राजदूत, बुलेट, एम-एटी यांच्यात टाकी वर आणि इंजिन खाली. कॉक सोडला की पेट्रोल आपल्या वजनानं उतरतं. मोटारीत टाकी मागं, तीही जवळजवळ इंजिनाच्याच पातळीवर, म्हणून मध्ये पंप लागतो. तो पंप कुठं बसवलाय यावर सगळी गोष्ट फिरते.

एमजीबीत एसयू कंपनीचा विजेचा पंप मागंच, टाकीजवळ असतो. चावी फिरवली की टिक टिक टिक असा आवाज, कार्बोरेटर भरला की आवाज मंदावतो. इंग्लंडातले जुने लोक त्या आवाजावरून गाडीची तब्येत सांगतात. तिथं पंप मागून ढकलतो, म्हणून पुढची सगळी नळी दाबाखाली. तिला भोक पडलं तर पेट्रोल फवाऱ्यासारखं बाहेर.

हेराल्डमध्ये आणि अँबॅसडरमध्येही पंप इंजिनाला चिकटलेला. आतल्या कॅमचा उंचवटा एका दांडीला ढकलतो, दांडी पडद्याला ओढते आणि पडदा मागच्या टाकीतून पेट्रोल शोषतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी वाट ओढीखाली. उसाच्या रसात बुडवलेली स्ट्रॉ जशी. स्ट्रॉला मध्ये चीर पडली तर रस बाहेर सांडत नाही. तोंडात हवा येते.

मिस्त्रींनी हे समजावायला भौतिकशास्त्र काढलं नाही. समोर उभ्या ट्रॅक्टरकडं बोट केलं. "डिझेल लाइनमधी हवा शिरली की ट्रॅक्टर बंद पडतंय का न्हाई? तसंच हे. उभी असताना टिपका पडायलाय म्हणून वास येतो. चालायला लागली की त्याच फटीतून हवा ओढायलीय. सपाटीला भागतं. चढाला इंजिन जास्त मागतं, तवा भागत न्हाई."

वास आणि अडखळ ही एकाच रोगाची दोन लक्षणं होती. मैत्रिणीनं त्याआधी दुसरीकडं कार्बोरेटर दोनदा उघडून घेतला होता, प्लग बदलले होते. मिस्त्री त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या गॅरेजबद्दल ते बोलत नाहीत, फक्त मान तिरकी करतात.

त्यांनी बॅटरीची वायर सोडली. टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढून कॅन रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर ठेवायला लावला. गाडीखाली बघायला पोरानं वायरीचा पिवळा बल्ब आणला, तर त्याच्यावर ओरडले. तापलेल्या काचेवर एक थेंब पडला की बल्ब फुटतो, आणि फुटलेला बल्ब म्हणजे काडी. बॅटरी आणायला सांगितली, हातातली. मग पंपाजवळची वीतभर रबरी नळी काढून माझ्या हातात दिली. चासी स्थिर असते आणि इंजिन आपल्या रबरांवर डुलतं, म्हणून दोघांच्या मध्ये हा लवचिक तुकडा लागतोच.

नळी बाहेरून काळी, ठीकठाक. दाबली तर उकडलेल्या शेंगेसारखी मऊ. मिस्त्रींनी ब्लेडनं ती उभी चिरली. आतलं अस्तर फुगून सुटलं होतं, त्याच्या बारीक काळ्या साली बोटाला लागत होत्या. त्यातलीच एखादी साल पुढं जाऊन कार्बोरेटरच्या सुईखाली बसली की चेंबर भरून वाहतं आणि दोष मात्र कार्बोरेटरवर येतो.

"ही नळी एप्रिलमधी घातलेली," मैत्रीण म्हणाली. "नवीन."

"नवीनच हाय," मिस्त्री म्हणाले. "पेट्रोल त्याहून नवीन हाय."

डॉक्टरांचा मोजपेला

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीनं वडिलांच्या दवाखान्यातला काचेचा उभा मोजपेला आणला. खोकल्याचं मिक्श्चर ज्यात बनवायचे तो, मिलिलिटरच्या रेघा असलेला. मिस्त्रींनी त्यात २० मिलि पाणी ओतलं, वर ८० मिलि पेट्रोल. तळहातानं तोंड बंद करून हलवलं आणि खिडकीत ठेवलं. थोड्या वेळानं दोन थर झाले. वर पिवळसर पेट्रोल, खाली पाणी. फक्त खालचा थर आता २० वर नव्हता. पस्तिशीच्या आसपास चढला होता.

पाणी वाढलं नव्हतं. पेट्रोलातलं इथेनॉल पाण्याकडं गेलं होतं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाण्याची ओढ जास्त. ८० मिलि पेट्रोलात वीस टक्के म्हणजे १६ मिलि, हिशेब पेल्यावरच लिहिलेला.

हे काही गुपित नाही. आपल्याकडं २००३ साली काही राज्यांत पेट्रोलात पाच टक्के इथेनॉल घालायला सुरुवात झाली. वीस टक्क्यांची मुदत आधी २०३० होती, ती अलीकडं २०२५-२६ वर ओढली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० चे पहिले पंप सुरू झाले आणि २०२५ मध्ये देशभर तेच पेट्रोल झालं. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांच्या नळ्या, सील, गास्केट हे सगळं वीस टक्के सोसेल अशा मालाचं असावं, अशी योजना होती. त्याआधीच्या गाड्यांनी काय करायचं, याचं उत्तर पंपावर कुठं लिहिलेलं नसतं.

मोजपेल्यात जे घडलं ते टाकीतही घडतं. पावसाळी हवेतली ओल इथेनॉल शोषून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, ओल प्रमाणाबाहेर गेली की पाणी-इथेनॉलचा थर तळाला बसतो आणि टाकीचा पत्रा तिथून गंजतो. जुन्या टाकीत वर्षानुवर्षांचा जो राळेसारखा थर बसलेला असतो तो इथेनॉल धुऊन काढतं, आणि पहिल्या दोन-तीन टाक्यांत फिल्टर चोक होतो. रबराची गोष्ट आपण पाहिलीच. जुन्या काळचं रबर आणि साधं नायट्राइल रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं, पुन्हा वाळलं की तडकतं. पंपातला पडदाही त्याच जातीचा.

यावर उपाय आहे. फ्लुओरोकार्बन रबराचं अस्तर असलेली नळी, बाजारात 'व्हायटन' या नावानं ओळखतात. अमेरिकन एसएई मानकात जे-३० आर-९ असा शिक्का तिच्यावर असतो. मिस्त्रींच्या फळीवर काचेच्या चार बाटल्या होत्या, प्रत्येकीत पंपावरचं पेट्रोल आणि नळीचा एकेक तुकडा. बाहेर ठेवलेल्या जोड तुकड्याशी ते दर आठवड्याला तुलना करून बघतात. एकीतला तुकडा चांगला दीडपट जाड झाला होता. दुसरीतली पारदर्शक नळी, पाण्याची किंवा कुलरची असते ना, ती दगडासारखी कडक झालेली. तिसरी तिच्याहून थोडी बरी. चौथी, शिक्क्याची, जशीच्या तशी. प्रयोगशाळा म्हणावी तर फळीवर शेजारी चहाचे ग्लास होते.

आपलाच ऊस

या जिल्ह्यात हे सगळं बघताना एक गोष्ट टाळता येत नाही. गॅरेजात त्या दिवशी हेराल्ड धरून आठ वाहनं होती, त्यातले पाच ट्रॅक्टर. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघणार. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुण्याकडं, काही कर्नाटकात. त्याआधी मुकादमांना ट्रॅक्टर घाटात न अडखळणारा हवा असतो. बीडच्या गॅरेजांची दिवाळी ही दिवाळीआधीच असते. आमची गाडी त्यामुळं रोज संध्याकाळी सहानंतर हातात घेतली जायची.

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल घेतलेली असते, ती फेडायला पहाटेपासून फडात. एक कोयता दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडतो. त्या उसाच्या रसापासून सरळ इथेनॉल केलं तर टनामागं साधारण सत्तर लिटर निघतं. म्हणजे एका जोडप्याच्या एका दिवसात एकशेचाळीस लिटर, आणि वीस टक्क्यांच्या मिश्रणानं ते सातशे लिटर पेट्रोलात पुरतं. हेराल्डच्या टाकीत त्या पेट्रोलाची कितीतरी भरणी होतील. अर्थात हा हिशेब कागदावरचा. डिसेंबर २०२३ मध्ये ऊस कमी म्हणून केंद्रानं रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं आणली, आणि त्यानंतर मक्याचं इथेनॉल पुढं निघून गेलं. टाकीत ऊस आहे की मका, हे मोजपेल्यातही कळत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ई-२० वरून देशभर बराच गदारोळ झाला. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं की शुद्ध पेट्रोलासाठी आखलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज ई-२० वर सहा-सात टक्के कमी होईल. पेट्रोलियम मंत्रालयानं खुलासा केला की काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गास्केट बदलावे लागू शकतात, पण ते काम स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जातं. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली.

मला स्वतःला इथेनॉल हा खलनायक वाटत नाही. ब्राझीलनं १९७५ पासून हेच केलं आणि १९७९ ला तिथं निव्वळ अल्कोहोलवर चालणारी फियाट विकायला आली. पण तिथं गाडीही त्यासाठी बदलली. आपल्याकडं नळी स्वस्त आहे हे मंत्रालयाचं म्हणणं खरंच आहे. वीतभर नळीला काय लागतं. प्रश्न असा की 'नेहमीचं सर्व्हिसिंग' कुणाचं? टोळीबरोबर ट्रॉलीवर बांधून नेलेली पंधरा वर्षांची मोटरसायकल फडाच्या कडेला पडून असते. तिच्या कॉकखालची नळी पाझरायला लागली तर शेजारच्या टपरीवर जी मिळेल ती घातली जाते. त्या टपरीवाल्याला शिक्का बघायला कुणी सांगितलेलं नाही. मिस्त्रींना तरी कुणी सांगितलं होतं? त्यांनी बाटल्या भरून ठेवल्या.

तारेचा नमुना

रबर बदलून दोन तासांत काम संपलं असतं. पण मिस्त्री गाडीखाली आडवे झाले आणि आतून आवाज आला, "ताई, हिकडं या. पण तोंडावर पदर घ्या, माती पडायलीय."

टाकीपासून पंपापर्यंतची लोखंडी नळी कधीकाळी कुणीतरी बदलली होती. कंपनीची वाट सोडून. नळी सायलेन्सरच्या पाइपाला जवळजवळ टेकून गेलेली, पुढं हँडब्रेकच्या तारेला बाइंडिंग वायरनं बांधलेली, आणि जिथं पत्र्यातून आरपार जाते तिथं भोकाची धार उघडी. त्या धारेनं नळीवर चकचकीत खाच पाडली होती. आणखी एखाद्या वर्षानं तिथूनच पेट्रोल आलं असतं, तेही तापलेल्या सायलेन्सरच्या शेजारी.

पेट्रोलच्या नळीला वाट काढणं हे अक्षरशः रस्ता आखण्यासारखं आहे. सगळ्यात जवळचा रस्ता बहुधा सगळ्यात वाईट. सायलेन्सरपासून लांब राहायचं, नाइलाजानं जवळून जावं लागलं तर मध्ये पत्र्याची आड घालायची. चासीच्या बाहेरच्या बाजूनं गेलं तर चाकानं उडवलेला दगड लागतो, खालून गेलं तर जॅक लागतो, म्हणून आतल्या बाजूला, कडेच्या आडोशानं. प्रोपेलर शाफ्ट, हँडब्रेकची तार, स्प्रिंग, जे जे हलतं त्याच्या हालचालीची पुरी मोकळीक सोडायची, गाडीत पाच माणसं बसल्यावर जेवढी हालचाल होईल तेवढी. ब्रेकच्या नळीशी घासू द्यायचं नाही. आणि मध्येच उंचवटा करायचा नाही. घराच्या पाण्याच्या पाइपात जशी उंच जागी हवा अडकते तशी इथं वाफ अडकते.

ही वाफ मराठवाड्यात ओळखीची आहे. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश, वर इंजिनाची धग, पंपातलं पेट्रोल नुसतंच उकळतं. पंप वाफ ओढत बसतो, पेट्रोल येतच नाही. 'व्हेपर लॉक' हा शब्द जुन्या ड्रायव्हरांना ठाऊक नसेल, उपाय ठाऊक होता. पंपावर ओलं फडकं. प्रत्येक अँबॅसडरच्या आणि फियाटच्या डिकीत पाण्याचा डबा आणि एक फडकं असायचं, आणि ते गाडी पुसायला नव्हतं. स्पिटफायर-हेराल्डच्या इंजिनात पंप एका अंगाला आणि कार्बोरेटर दुसऱ्या अंगाला, एक्झॉस्टच्या वरच. त्यामुळं पंपापासून निघालेली शेवटची नळी इंजिनाच्या तोंडासमोरून वळसा घालते, पंख्याच्या वाऱ्यात. मिस्त्रींना हा वळसा आवडला. "बनवणाऱ्यानं बी फडक्याचा विचार केलावता," म्हणाले.

नव्या नळीसाठी मैत्रिणीच्या मनात तांब्याची होती. फ्रिजवाल्याकडं सहज मिळते, हातानं वळते, दिसतेही छान. मिस्त्रींनी फ्रिजवाल्याकडूनच आणलेला एक तुकडा घेतला आणि एकाच जागी पाच-सहा वेळा खालीवर वाकवला. आधी मऊ, मग ताठ, मग कट्. तांबं हादऱ्यांनी कडक होत जातं आणि कडक झालं की तडकतं. शिवाय तांब्याच्या सहवासात पेट्रोल लवकर राळ धरतं. तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नळी उत्तम, पण ती बीडात मिळेना. शेवटी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानातून आठ मिलिमीटरची पोलादी डिझेल नळी आली.

ती वाकवायच्या आधी मिस्त्रींनी नळीला हातच लावला नाही. जाड तार घेतली आणि गाडीखाली सरपटत, पकडीनं वळवत वळवत, टाकीपासून पंपापर्यंत तारेची वाट बसवली. दोन संध्याकाळी यात गेल्या. एका जागी तार शाफ्टला लागतेय असं वाटलं म्हणून पोराला मागच्या सीटवर उड्या मारायला लावल्या. तार मनासारखी झाल्यावर ती अलगद बाहेर काढून फरशीवर ठेवली. दहा फूट चार इंच. त्या तारेवर धरून नळीचं एकेक वळण घेतलं. चेपू नये म्हणून नळीत कोरडी वाळू ठासलेली, आणि वळणं पाण्याच्या पाइपाच्या तुकड्यावर, अंगठ्यानं दाबत. वाकवून झाल्यावर वाळू झटकली, कॉम्प्रेसरची हवा मारली, पेट्रोलनं धुतली, पुन्हा हवा मारली. वाळूचा एक कण राहिला तर तो कुठं जाऊन बसेल हे सांगायची गरज नव्हती.

टोकं हॅक्सॉनं कापली नाहीत. हॅक्सॉनं टोक तिरपं होतं, आत कचरा राहतो. पाइप कटर फिरवत फिरवत कापलं, आतली धार घासून काढली. आणि मग जे केलं ते बघायला मी मुद्दाम जवळ गेलो. फ्रिजवाल्याचंच फ्लेअर मारायचं हत्यार. त्यात टोक अडकवून किंचित दाबलं, पूर्ण कर्णा होऊ दिला नाही, नुसती बांगडीसारखी गोल कड उठवली. सरळ टोकावर चढवलेली रबरी नळी क्लिप कितीही आवळली तरी दाबानं निसटू शकते. या कडेमागं क्लिप बसली की नळी जागची हलत नाही. एवढ्या बारीक कडेसाठी ते तीन वेळा टोक कापून परत बसले. तिसऱ्या वेळी कडेवरून नख फिरवलं, तेव्हा कुठं चहा मागवला.

नळी चासीला दर वीतभर अंतरावर क्लिपनं धरली, प्रत्येक क्लिपखाली रबराची पट्टी. पत्र्यातल्या भोकाला रबरी ग्रोमेट. होजक्लिपवरूनही वाद झाला. बाजारात मिळते ती खाचांची पट्टी असलेली क्लिप आवळली की खाचांतून रबर किसणीवर किसल्यासारखं कापलं जातं. मिस्त्रींना कडा वळवलेली, गुळगुळीत पोटाची क्लिप हवी होती. ती डझनाच्या पाकिटात एका मोटारसायकलच्या दुकानात निघाली. आम्हाला लागल्या सहा. उरलेल्या सहा त्यांनी बिलात धरल्या नाहीत, खिशात मात्र घातल्या.

सलाइन

नवी वाट टाकीला जोडायच्या आधी इंजिन स्वतंत्रपणे तपासायचं होतं. पोरानं भिंतीवरच्या खिळ्याला सलाइनची रिकामी बाटली टांगली, तिच्यात कपभर पेट्रोल, आणि सलाइनचीच नळी थेट कार्बोरेटरला. थेंब नियमनाच्या चाकासकट. मराठवाड्यातल्या कुठल्याही गॅरेजात हे दृश्य दिसतं. डॉक्टरांच्या मुलीला मात्र हसू आवरेना. तिनं नाडी बघितल्यासारखा बॉनेटवर हात ठेवला. इंजिन लागलं, शांत चाललं. म्हणजे दोष वाटेतच होता. सलाइनची नळी इथेनॉलमध्ये टिकत नाही, पण दहा मिनिटांच्या तपासणीला तेवढी पुरते.

मग टाकी जोडली. स्टार्टर मारत बसायचं नाही. पंपाच्या पोटाखाली एक लहानशी पत्ती असते, ती बोटानं खालीवर करत राहिलं की इंजिन न फिरवताही पंप चालतो. पहिलं पेट्रोल कार्बोरेटरला न देता बाटलीत घेतलं. आधी हवेचे बुडबुडे, मग गढूळ, मग स्वच्छ. अर्धी बाटली भरेपर्यंत. पंपाचा पडदाही नवा, इथेनॉल सोसणारा घातला होता. तो मुंबईहून कुरियरनं आला आणि यायला अकरा दिवस लागले, या सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ त्यानंच खाल्ला.

घाट

गाडी कागदोपत्री 'व्हिंटेज' करून घ्यावी, असं मी मैत्रिणीला सुचवलं. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. नव्या नोंदणीला वीस हजार. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठी. मैत्रिणीला ती भाजी आणायला हवी आहे. विषय तिथंच मिटला.

सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही मांजरसुंब्याकडं निघालो. मिस्त्री पुढं, मैत्रीण चालवायला, मी मागं. पाऊस पडून गेलेला, बाजूचे डोंगर हिरवे, कपिलधारच्या बाजूला ढग उतरलेले. सपाटीवर मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत. चढ सुरू झाला तसं त्यांनी हातानं खूण केली, गिअर खाली घ्या. गाडीनं जिथं जिथं मान टाकायची सवय लावून घेतली होती ती वळणं मैत्रिणीला पाठ. पहिलं गेलं. दुसरं गेलं. पुढं दोन रिकाम्या ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर निवांत चालला होता, त्याच्यामागं चढावर दोन मिनिटं रांगावं लागलं. अडखळण्याला याहून चांगली संधी नव्हती. गाडी रांगत राहिली.

माथ्यावर मिस्त्रींनी गाडी कडेला घ्यायला लावली, पण इंजिन बंद करू दिलं नाही. सीटवरचं वर्तमानपत्र ओल्या खडीवर अंथरलं, बॅटरी तोंडात धरली आणि खाली शिरले. एकेका जोडाशी थांबून त्यांचं बोट नळीभोवती फिरत होतं आणि परत नाकाशी येत होतं. टाकीचा जोड, मधल्या क्लिपा, ग्रोमेट, पंप. शेवटी वर्तमानपत्रासकट घसरत बाहेर आले, बोट शर्टाला न पुसता मैत्रिणीच्या नाकासमोर धरलं.

"कोरडं हाय," ते म्हणाले. "आता बंद करा. उन्हाळ्यात एकदा परत आणा, मे मधी. तवा खरं कळंल."